भिंगरीची स्तोत्रं

४ जून

ती. ताईस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, तेव्हा तुझ्या मनातल्या शिव्या पोचल्या असं समज. सध्या एका नऊमजली इमारतीत दोन लिफ्ट बसवतोय. दिवसभर त्या उभ्या पोकळीत शिडीवर लटकायचं, आणि घरी येईपर्यंत कानाच्या पाळीतसुद्धा ग्रीस. तुझी वहिनी मला दारातच साबण हातात देते. मोठी आता दहा वर्षांची झाली, धाकटीला सात पूर्ण. तिला भिंगरी हे नाव तू ठेवलंस, भोगतोय मी. काल तिनं खिडकीच्या पडद्याचा दांडा खाली आणला, आणि दांड्याबरोबर स्वतःही आली.

या पत्राचं कारण तीच आहे. बाबांनी आपल्याला लावली तीच शिस्त मी मुलींना लावलीय. संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, सगळ्यांनी टेबलाशी हात जोडून, डोळे मिटून बसायचं आणि आठवड्याला बायबलातलं एक स्तोत्र पाठ करायचं. मोठीची एकोणीस झाली. भिंगरीला जन्मापासून ऐकू येत नाही, हे आपण केव्हाच पचवलंय, त्याचं आता रडगाणं नाही. पण प्रार्थना सुरू झाली की ती डोळे मिटत नाही. टेबलाखालून लाथा मारते, बहिणीची वेणी ओढते, माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. मंगळवारी मी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला, तर ती कडकडून चावली. अंगठ्यावर चार दात उमटलेत.

चावल्याचं मला काही नाही. पण ताई, बाबा गेले तेव्हा त्यांनी मागे घर ठेवलं नाही की जमीन ठेवली नाही, स्तोत्रं ठेवली. ती मी एकीला देतोय आणि दुसरीला देता येत नाहीत. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात की देव मन बघतो, काळजी करू नका. पण मनाला धरायला काही शब्द लागतातच ना? शाळेत तिला हातांच्या खुणा शिकवतात. घरी मात्र मी तोंडानंच बोलतो. तिला ओठ वाचायची सवय लागायला हवी, नाहीतर जन्मभर हातवाऱ्यांवरच राहील. यात माझं काही चुकतंय का? बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?

तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं ते कळव. चुकलं-माकलं पोटात घाल, आणि तुझ्या प्रार्थनेत आम्हाला नेहमीची जागा राहू दे.

तुझा धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अंगठा बरा झाला असेल. माझा पाठिंबा चावणारीला आहे.

पत्र वाचलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसून एक प्रयोग केला. समोर बांधणीसाठी शिवायला घेतलेलं पुस्तक होतं, बाजूला खळीचं भांडं. कानांत कापसाचे बोळे घातले, वरून लोकरीची टोपी ओढली आणि डोळे मिटले. मनात शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. खळीचा वास तेवढा राहिला, बाकी सगळं गेलं. दारात गिऱ्हाईक आलं की भिंत पडली, काही कळायला मार्ग नाही. चाळिसाला डोळे उघडले. माझ्याच दुकानात, भर दुपारी, मी घाबरले होते रे. आणि समोर खरंच एक गिऱ्हाईक उभं होतं. टोपीकडे बघून ते गृहस्थ आपली वही न्यायचीच विसरले.

आपण डोळे मिटले की आपल्याला देव जवळ आल्यासारखा वाटतो. तिचे मिटले की आई, बाप, बहीण, सगळेच उठून निघून जातात. आणि तू वरून हात ठेवतोस! बाबांनी काय केलं असतं विचारतोस. बाबांनी आपल्याला कानांतून शिकवलं, कारण आपल्याला कान होते.

आता दुसरं. स्तोत्रं आपण घोकली, पण जरा आत बघ. पाण्याकाठी रुजलेलं झाड आहे, ओढ्यासाठी धापा टाकणारी हरणी आहे, वेदीजवळ घरटं बांधणारी चिमणी आहे. सगळं डोळ्यांनी बघण्याजोगं. आणि एकोणिसाव्यात तर आकाशच साक्ष देतं. त्याला वाचा नाही, आवाज नाही, तरी ते जगाच्या टोकापर्यंत पोचतं. ते मी साठ वर्षं म्हणत आलेय. परवा टोपी काढल्यावर पुन्हा म्हटलं आणि अंगावर काटा आला. हे कुणासाठी लिहून ठेवलंय असं वाटतं तुला?

तिच्या शाळेतल्या बाईंना घरी बोलव. खुणा आधी तू शीक, मग तिला शिकव. सोबत एक वही पाठवतेय, मीच बांधलीय. दीडशे कोरी पानं आहेत, एकेका स्तोत्राला एक. तिला हवं ते काढू दे, आणि शाई सांडली तर ओरडू नकोस. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

वहिनीला आणि पोरींना माझे मुके. हट्ट थोडा कमी कर, माया आहे तेवढी ठेव.

तुझी ताई


२ जुलै

ती. ताईंस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमच्या भावाला वेळ नाही असं तो म्हणतो. खरं म्हणजे त्याला लिहायचं धाडस नाही, म्हणून मी लिहितेय.

वही पोचली. भिंगरीनं आधी ती हुंगली, मग छातीशी धरून झोपली. शाळेच्या बाई दर शनिवारी येतात. पहिल्यांदा डोंगरांकडे डोळे वर करायचं ते स्तोत्र घेतलं. दोन बोटं डोळ्यांपासून वर न्यायची, की बघणं झालं. एका हाताची मूठ आणि दुसऱ्या हाताचं तिच्यावर छप्पर, की राखणं. आणि राखणारा झोपत नाही हे सांगायला तळहातावर गाल टेकवायचा आणि झटकन मान उचलायची. भिंगरीला ते इतकं आवडलं की ती दिवसभर गाल टेकवून दचकून उठत होती. मला आणि मोठीला चार दिवसांत जमलं. भिंगरी आमचे हात धरून चुका सुधारते, आणि बाईंपेक्षा कडक आहे. तुमचा भाऊ मात्र खिशात हात घालून बाजूला उभा असतो. म्हणतो, घरात एकानं तरी तोंडानं म्हणायला हवं.

खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या शनिवारी बाईंनी तेरावं स्तोत्र घेतलं. त्यात देवाला चारदा विचारलंय, की असं अजून किती दिवस चालणार म्हणून. भिंगरी एकदम थांबली. तिनं खुणेनं विचारलं, की देवाला असं रागावून विचारलेलं चालतं का. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी तुमच्या भावाकडे. तो म्हणाला की पुस्तकात आहे म्हणजे चालत असेल. मी ते तिला सांगितलं.

मग ती खुर्चीवर उभी राहिली, ताई. डोळे सताड उघडे, मान वर. आणि तिनं हातांनी जे म्हटलं ते बाईंनी आम्हाला हळू आवाजात उलगडून सांगितलं. ती देवाला विचारत होती, की माझे कान करताना तू मध्येच उठून कुठे गेला होतास. ती म्हणाली की मोठ्या बहिणीला सगळं आधी कळतं आणि मला शेवटी कळतं, मी तुझ्यावर फार रागावले आहे. मग थोडी थांबली आणि शेवटी म्हणाली, की पण तू जाऊ नकोस, इथेच बस. आणि शेजारची रिकामी खुर्ची तिनं पायानं जरा मागे सरकवली. बसायला जागा हवी म्हणून.

त्या खुर्चीकडे बघायचीही माझी छाती होईना. थोड्या वेळानं बघते तर तुमचा भाऊ तिथे नव्हता. मागच्या जिन्यात हत्यारांची पेटी उघडून नट वेगळे, बोल्ट वेगळे करत बसला होता. म्हणाला, की बेचाळीस वर्षं मी तोंडपाठ म्हणत आलो, पण त्याच्याशी असं बोलायची माझी एकदाही हिंमत झाली नाही.

त्यानं अजून हात मात्र खिशातून काढलेले नाहीत. तुम्हीच काहीतरी लिहा. आम्हा सगळ्यांवर लोभ आहेच, तो वाढता असावा.

तुमची वहिनी


२३ जुलै

ती. ताईंस,
सलाम.

काल फोनवर मला धड बोलता आलं नाही, माफ करा. आता सगळं नीट लिहिते.

मंगळवारी सकाळी तुमचा भाऊ त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या पोकळीत काम करत होता. शिडीचा खालचा खिळा सुटला आणि तो शिडीसकट तळाच्या खड्ड्यात पडला. चार फासळ्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. जबडा दोन ठिकाणी तुटलाय. ऑपरेशन झालं. जबडा तारांनी आवळून बांधलाय, श्वासासाठी गळ्यातून नळी घातलीय आणि यंत्र लावलंय. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात की चार दिवस जाऊ द्या. त्यापुढे काही बोलत नाहीत.

डोळ्यावर पट्टी असताना प्रवास करायचा नाही असं तुम्हाला बजावलंय, ते मला माहीत आहे. येऊ नका. आलात आणि तुमचा डोळा गेला तर तो मला कधी माफ करायचा नाही. मोठी सारखी रडतेय. भिंगरी रडत नाही. दारात चप्पल घालून बसलीय.

प्रार्थना करा. मला जमत नाहीये.

वहिनी


२७ जुलै

चि. सौ. वहिनीस,
आशीर्वाद.

एका डोळ्यानं लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे.

तू लिहिलंस की जमत नाहीये. मलाही जमलं नाही. पत्र आल्यावर पवित्र शास्त्र उघडलं तर अक्षरं नुसत्या मुंग्या. म्हणून पाठ होतं ते म्हणायला लागले. बाबांनी दीडशेपैकी शंभरएक माझ्याकडून घोकून घेतली होती, आणि मला तिसऱ्या ओळीच्या पुढे एक जाईना. त्याला मी कडेवर घेऊन हिंडलेय गं. त्याचा पहिला दात मी कापडात बांधून ठेवला होता. शेवटी मी टेबलावर हात आपटला आणि भिंगरीसारखं देवाला सरळ विचारलं, की शिडी सुटली तेव्हा तू कुठे होतास. उत्तर आलं नाही. पण विचारल्यावर मला श्वास घेता आला. मग एक खुर्ची मीही सरकवून ठेवली. दुकानात येणाऱ्याला तिच्यावर बसू देत नाही.

पोरगी दारात चप्पल घालून बसलीय असं लिहिलंस. मग तिला घेऊन जा. लहान मुलांना आत सोडत नाहीत हे मला माहीत आहे, तरी घेऊन जा. भांडायची वेळ आली तर माझं नाव सांग.

एक तारखेला पट्टी निघेल. तोवर त्याला आणि तुला देवाच्या हाती सोपवते, दुसरं काय करू.

तुझी ताई


६ ऑगस्ट

ती. ताईंस,
सप्रेम सलाम. वि. वि.

यंत्र काढलं! आधी तेवढं वाच, पाणी पी, मग पुढे वाच. (घाईत 'तू' लिहिलं, पण आता खोडत नाही.)

सविस्तर सांगते. सत्तावीस तारखेला त्याला शुद्ध आली, आणि आमचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी टांगणीलाच लागला. गळ्यात नळी, जबडा बंद. बोलता येईना आणि लिहायला दिलं तर बोटं थरथरून नुसत्या रेघोट्या. तो घाबराघुबरा व्हायचा, नळ्या ओढायचा. शेवटी सिस्टरनी त्याचा डावा हात पलंगाला बांधला. उजवा पण बांधावा लागेल म्हणाल्या. मी अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे गेले की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी काही विसरलेय आणि ते मलाच कळत नाहीये.

तीस तारखेला भिंगरीला नेलं. मुख्य सिस्टर नाही म्हणाल्या. मी तुमचं नाव सांगितलं नाही, भिंगरीच्या पायांतल्या चपला दाखवल्या आणि त्या नऊ दिवसांत तिनं उतरवल्या नाहीत असं सांगितलं. त्यांनी एक स्टूल आणून दिलं आणि म्हणाल्या, की काचेबाहेरून, पाच मिनिटं.

ती स्टुलावर चढली. मला भीती होती की बापाला तसं बघून किंचाळेल. तिनं नुसतं बघितलं. तोंड बंद आहे म्हणजे आता हातांनीच बोलायचं, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं काचेवर टकटक केलं, त्याचे डोळे वळले, आणि तिनं हात उचलले. डोंगरांचं ते स्तोत्र. तिचे हात इतके सावकाश चाललेले मी कधी बघितले नव्हते. तो टक लावून बघत होता. मूठ आणि वरचं छप्पर आलं तेव्हा त्याचा उजवा हात चादरीवर आवळला गेला. नुसती मूठ. छप्पर करायचा हात बांधलेला होता ना. तिनं ते बघितलं आणि आपला पंजा काचेला लावून त्याच्या मुठीवर धरला, लांबूनच. छप्पर तिचं.

ताई, मी खोटं सांगत नाही, त्याचा श्वास शांत झाला. यंत्रावर लाल आकडा लुकलुकत होता तो थांबला. सिस्टर आत गेल्या, त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा डावा हात सोडला.

मग रोज पाच मिनिटं. पाचाची पंधरा कधी झाली कुणी विचारलं नाही. ती रोज एक ओळ शिकवायची आणि चुकला तर काचेवर बोट आपटायची. चौथ्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते आणि हात उचलेना. तेव्हा तिनं त्याला तेरावं शिकवलं. अजून किती दिवस, अजून किती दिवस. तिनं त्याला हातांनी सांगितलं, की हे चालतं, तूच सांगितलंस, म्हण. आणि त्यानं म्हटलं. दोन्ही हातांनी, चारही वेळा. बाहेरच्या बाकांवर दुसऱ्या रोग्यांची माणसं बसलेली असतात. ती एकेक करून उठली आणि आमच्या मागे उभी राहिली. कुणालाच त्या खुणा येत नव्हत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली.

काल यंत्र काढलं. आता स्वतः श्वास घेतोय. जबड्याच्या तारा आणखी चार-पाच आठवडे राहतील.

पट्टी निघाली असेल, तेव्हा आता या. वाट बघतोय आम्ही सगळे, आणि तो सगळ्यांत जास्त.

तुमची वहिनी


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वि. वि.

तू गेल्यापासून घर शांत झालंय असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. का ते सांगतो. त्याआधी एक गोष्ट, जी तू इथे होतीस तेव्हा पाटीवर लिहून सांगायला मला लाज वाटली.

शुद्धीवर आलो तेव्हा मला एक स्तोत्र आठवत नव्हतं. एकही नाही. बाबांनी घातलेलं सगळं त्या खड्ड्यात सांडलं होतं. कानांत यंत्राचा आवाज, तोंडाला कुलूप. वाटलं, देवाकडे जायचा आपला रस्ता बंद झाला. मग काचेवर टकटक झाली. ताई, मी ती प्रार्थना ऐकली नाही, म्हटली नाही, मी ती बघितली. सात वर्षांच्या दोन हातांत डोंगर उभा राहिला. तिथे कुणी होतं. पोरीच्या मागे नाही, पुढे नाही, कसं सांगू, त्या हातांच्या मधल्या जागेत. मला त्याहून जास्त सांगता येत नाही, आणि पाळकसाहेबांनी विचारलं तर मी एवढंही सांगणार नाही.

आता परवाचं. बुधवारी तारा काढल्या. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बोलायला लागा. मी दोन दिवस बोललोच नाही. तोंड उघडायचीच भीती बसली होती. वहिनी म्हणाली की लग्नानंतर इतकं सुख तिला प्रथमच लाभतंय.

शनिवारी भिंगरीला मोठीनं सांगितलं, की सगळ्यांत शेवटचं स्तोत्र नुसतं वाजवायचं आहे. कर्णे, डफ, झांजा, जे असेल ते. भिंगरी तडक स्वयंपाकघरात गेली. मला पातेलं आणि डाव मिळाला, वहिनीला ताट, मोठीला डबा आणि दोन चमचे. स्वतः ती टेबलावर चढून पालथी पडली, गाल फळीला लावून, आणि हातानं इशारा केला की सुरू करा.

आम्ही भांडी टेबलावर टेकवून सुरू केलं. फळीतून आवाज तिच्या गालात शिरत होता, आणि तिचे डोळे असे मोठे होत गेले की मी डाव जास्तच जोरात हाणायला लागलो. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, निवृत्त झालेले. आपल्याकडे खुर्ची सरकली तरी तक्रार घेऊन वर येणारे. ते दारात काही बोलणार, तोच भिंगरीनं उडी मारून त्यांच्या हातांत दोन झाकणं दिली. त्यांनी झाकणांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, चष्मा खिशात ठेवून ती एकमेकांवर आपटली.

मग ती माझ्यापाशी आली. माझ्या गळ्यावर नळीची खूण आहे तिच्या बाजूला तिनं पंजा टेकवला आणि दुसऱ्या हातानं सांगितलं, की आता तू.

मी ओरडलो. शब्द नव्हता तो, ताई. सात आठवडे आत जे साठलं होतं ते निघालं. फासळ्या ठणकल्या, जबड्यातून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. तिचा पंजा गळ्यावरून हलला नाही. तिनं ते सगळं हातानं घेतलं. मग दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मान वर केली, आणि तीही ओरडली. तेवढ्याच मोठ्यानं. माझ्यासारखंच.

खोलीतलं सगळं थांबलं. पोस्टमास्तर झाकणं हातात धरून तसेच उभे. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, की आता आमेन म्हणायचं का. भिंगरीनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, हे थांबले का म्हणून, आणि जमिनीवर पाय आपटून सांगितलं, की पुन्हा.

आम्ही पुन्हा सुरू केलं.

हात भरून आलाय, बाकीचं वहिनी लिहील. जसा जीव लावत आलीस तसाच लावत राहा.

तुझा धाकटा